उद्देश आणि सुख : दोन प्रश्न आणि त्यांच्यामधली गाठ

पुण्यातील 47 वर्षांच्या एका अभियंत्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : घराचे कर्ज फिटले, मुलगी शिकण्यासाठी परदेशी गेली, नोकरीत वरचे पद मिळाले, तरीही सकाळी डोळे उघडले की ‘हे सगळे कशासाठी’ हा विचार पाठ सोडत नाही. भगवद्गीता दोनदा वाचली, प्रवचने ऐकली, पण आयुष्याचा उद्देश कळला नाही आणि सुखही लाभले नाही. नोकरी सोडून एखाद्या खेड्यात सामाजिक काम करावे असे मनात आहे. कऱ्हाडला एकटे राहणारे 79 वर्षांचे वडील मात्र याला राजी नाहीत. हिंदू तत्त्वज्ञान यावर काय सांगते?

महाविद्यालयात संस्कृत शिकवण्याची नोकरी संपल्यावरही उपनिषदांचे आणि गीतेचे पाठवर्ग मी चालू ठेवले आहेत. त्यांना आता 27 वर्षे झाली. या काळात आपला प्रश्न मी निरनिराळ्या तोंडून ऐकला आहे. त्यात खरे तर दोन प्रश्न आहेत. आयुष्य कशासाठी, हा एक. आणि मी सुखी का नाही, हा दुसरा. आपण या दोहोंची गाठ मारली आहे : उद्देश सापडला की सुख मिळेल. आपल्या परंपरेतील ग्रंथ हे दोन प्रश्न वेगवेगळे हाताळतात, आणि माझ्या मते आपल्याला जाचते आहे ती ही गाठच आहे. तिच्यामुळे उद्देश हे आणखी एक मिळवायचे फळ होऊन बसते, आणि ते हाती येईपर्यंत सुख लांबणीवर पडते. पदोन्नतीच्या बाबतीत आपण हेच केले होते.

आधी उद्देशाचे पाहू. प्रत्येकासाठी एक खास, दडलेला उद्देश असतो आणि तो हुडकून काढणे हे त्याचे जीवनकार्य असते, ही कल्पना मला आपल्या जुन्या ग्रंथांत कुठे भेटलेली नाही. (आवडते काय, जमते काय, जगाला हवे काय आणि पैसे कशाचे मिळतात, अशी चार वर्तुळे काढलेले चित्र दर वर्षी एखादा विद्यार्थी वर्गात घेऊन येतो. चित्र सुबक आहे. पण चारही वर्तुळांच्या मध्यभागी उभे असलेले फारच थोडे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांतलेही सगळे सुखी नव्हते.) आपल्याकडे सर्वांत जवळचा शब्द आहे पुरुषार्थ, पण तो एक नसून चार आहेत, आणि ते सर्व मानवांना सारखेच लागू आहेत. महाभारताच्या शांतिपर्वात युधिष्ठिर विदुराला आणि आपल्या भावांना विचारतो की धर्म, अर्थ आणि काम (म्हणजे इच्छा आणि उपभोग) यांत श्रेष्ठ कोणता. विदुर धर्माच्या बाजूने बोलतो, अर्जुन अर्थाच्या, नकुल-सहदेव धर्माला धरून असलेल्या अर्थाच्या, आणि भीम बेधडकपणे कामाच्या. शेवटी युधिष्ठिर मोक्षाचे नाव घेतो. एकाच घरातल्या भावांचे एकमत होत नाही, आणि व्यासांना त्याची लाजही वाटत नाही. तेव्हा सत्तेचाळिसाव्या वर्षी आपल्याला एकच उत्तर सापडले नाही, यात आपले काही चुकले आहे असे मला वाटत नाही.

पुरुषार्थांपेक्षाही आपल्या प्रश्नाला अधिक उपयोगी पडेल अशी एक कल्पना आहे, आणि तिच्याकडे प्रवचनांत फारसे लक्ष दिले जात नाही : ऋण. तैत्तिरीय संहिता म्हणते की ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो. ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. शतपथ ब्राह्मण हा ग्रंथ याच विचाराला दोन अंगांनी रुंद करतो. तिथे ‘ऋणं ह वै जायते योऽस्ति’ असे शब्द आहेत, म्हणजे जो कोणी आहे तो ऋणरूपानेच जन्मतो. आणि तीन ऋणांत चौथे मिळवले आहे ते मनुष्यांचे, जे दुसऱ्याला आसरा देऊन आणि जेवू घालून फेडायचे. ‘जो कोणी आहे तो’ या शब्दांपाशी थांबावे. उद्देश ही हरवलेली वस्तू नाही. आपण जन्मलो तेव्हाच आपल्या नावाचे खाते उघडले गेले आहे आणि त्यातल्या नोंदी पुष्कळशा वाचता येण्याजोग्या आहेत. ज्यांनी शिकवले त्यांचे देणे शिकवून फिटते. ज्यांनी वाढवले त्यांचे देणे त्यांना सांभाळून आणि पुढच्या पिढीला वाढवून फिटते. पाणी, ऊन आणि धान्य यांचे देणे ते जपून आणि वाटून फिटते. घराचे कर्ज फिटले असे आपण लिहिले आहे. बाकीच्या खात्यांचे काय झाले आहे, हे एकदा कागदावर मांडून पाहावे, अशी माझी पहिली सूचना आहे. हे रूपक नाही. मी खरोखरच कागद आणि पेन घेऊन बसायला सांगते आहे.

नोकरी सोडण्याच्या विचारापाशी मला महाभारताच्या वनपर्वातील कौशिकाची कथा आठवते. ही कथा बहुतेकांना अर्धीच ठाऊक असते. कौशिक हा तपस्वी झाडाखाली वेदपठण करीत असताना वरून एका बगळीची विष्ठा त्याच्या अंगावर पडते. तो रागाने वर पाहतो आणि बगळी मरून पडते. मग तो गावात भिक्षेला जातो. एका घरची गृहिणी भिक्षा आणायला आत जाते, तेवढ्यात तिचा नवरा भुकेला घरी येतो, आणि ती आधी त्याचे जेवणखाण उरकते. कौशिक संतापतो तेव्हा ती शांतपणे म्हणते की मी काही बगळी नाही. रानात घडलेले हिला कसे कळले, या विचाराने तो थक्क होतो. धर्म समजून घ्यायचा असेल तर मिथिलेतल्या व्याधाकडे जा, असे तीच त्याला सांगते. हा व्याध बाजारात मांस विकणारा. स्वतः प्राणी मारत नाही, इतरांनी मारलेल्यांचे मांस विकतो, सचोटीने व्यवहार करतो. तो कौशिकाला दीर्घ उपदेश करतो आणि मग घरी नेऊन आपल्या वृद्ध आईवडिलांना दाखवतो : हीच माझी दैवते.

इथवरची कथा पुष्कळांना माहीत असते आणि ‘काम हीच पूजा’ एवढे सार काढून ती संपवली जाते. पण कथेचा खरा काटा त्यानंतर आहे. व्याध कौशिकाला सांगतो की तू आईवडिलांची परवानगी न घेता वेद शिकण्यासाठी घराबाहेर पडलास; तुझ्या शोकाने ते आंधळे झाले आहेत; आता परत जा. ज्या तपाच्या बळावर बगळी जळून मरते, त्या तपाला कथाकार काहीच किंमत देत नाही असे नाही. पण त्या तपाखाली एक न फेडलेले देणे दडलेले होते, हे तो दाखवतो. शिवाय कौशिकाला ते सांगतात कोण, तर स्वयंपाकघरातील एक स्त्री आणि खाटकाच्या दुकानातील एक पुरुष. वनात जाऊन जे मिळाले नाही, त्याचा पत्ता त्याला मागे टाकलेल्या घराचाच मिळतो.

खेड्यातील काम वाईट, असे यातून मी सुचवत नाही. ते आपल्या मनुष्यऋणाचा भाग असू शकते. पण एखादे मोठे काम आपल्याला बोलावते आहे की जवळचे एखादे लहान, कंटाळवाणे देणे आपल्याला हुसकावते आहे, हा भेद आपल्याला स्वतःलाच करावा लागेल. वडील राजी नाहीत, एवढेच आपण लिहिले आहे. का नाहीत, ते लिहिलेले नाही. आपण त्यांना ते विचारले आहे का, अशी मला शंका आहे.

या व्याधाच्या कथेला एक दुसरी बाजू आहे आणि ती झाकून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपला व्यवसाय कुळातून आलेला आणि पूर्वकर्माने वाट्याला आलेला आहे, असे व्याध स्वतः म्हणतो. ‘श्रेयान्स्वधर्मो विगुणः’ (आपला धर्म उणा असला तरी तोच बरा) हे गीतेचे वचनही शेकडो वर्षे माणसांना जन्माने मिळालेल्या कामाशी बांधून ठेवण्यासाठी वापरले गेले. मंगळवेढ्याच्या चोखोबांना विठ्ठलाच्या देवळाबाहेर उभे राहावे लागले. ‘ऊस डोंगा परी रस नव्हे डोंगा’ असे त्यांना म्हणावे लागले, यातच त्या व्यवस्थेचा निवाडा आहे. डॉ. आंबेडकरांनी चातुर्वर्ण्याच्या समर्थनावर केलेली टीका वाचल्याशिवाय स्वधर्मावर बोलू नये, असे मी वर्गात सांगते. मग स्वधर्मातून घ्यायचे काय? माझ्यापुरते मी एवढे घेते की दुसऱ्याचे आयुष्य उत्तम रीतीने जगण्यापेक्षा आपल्या वाट्याच्या परिस्थितीत, आपल्या स्वभावाने, अपुरे का होईना पण खरे काम करणे बरे. परिस्थिती अन्यायाची असेल तर ती बदलणे हेही त्या वाट्याच्या कामातच येते. अरणच्या सावता माळ्यांनी ‘कांदा मुळा भाजी, अवघी विठाई माझी’ म्हटले तेव्हा त्यांनी माळ्याच्या जातीचे गुणगान केले नव्हते. आपल्या हातातले काम आणि आपला देव यांच्यामधली भिंत त्यांनी काढून टाकली होती.

हेच ज्ञानेश्वरीत अधिक नेमकेपणाने येते. गीतेच्या अठराव्या अध्यायातील ‘स्वकर्मणा तमभ्यर्च्य’ (आपल्या कर्माने त्याची पूजा करून) या शब्दांवर ज्ञानदेव लिहितात : ‘तया सर्वात्मका ईश्वरा । स्वकर्मकुसुमांची वीरा । पूजा केली होय अपारा । तोषालागीं ॥’ फूल वाहणारा माणूस ते वाहिल्यावर परत मागत नाही. पण किडलेले फूलही तो वाहत नाही. या दुसऱ्या भागाचा मला बराच काळ विसर पडला होता. तिशीत असताना ‘मा फलेषु’, म्हणजे फळावर हक्क नाही, असे म्हणत मी चक्क तयारी न करता तासांवर जात असे, आणि मुलांना कळले नाही तर ते त्यांचे प्रारब्ध, अशी समजूत काढत असे. एका विद्यार्थिनीने सरळ येऊन विचारले, ‘बाई, फळाची आशा सोडायची की कामाची?’ गीतेतील सात्त्विक कर्त्याचे वर्णन मी त्या रात्री पुन्हा काढून वाचले. तो ‘मुक्तसङ्गोऽनहंवादी’ आहे, म्हणजे आसक्ती सुटलेला आणि मीपणा न मिरवणारा, आणि लगेच पुढे ‘धृत्युत्साहसमन्वितः’ आहे, म्हणजे धैर्याने आणि उत्साहाने भरलेला. फळाची आसक्ती सुटल्याची खूण उत्साह वाढणे ही आहे. तो मावळला असेल तर जे सुटले ते वैराग्य नसून काम टाळणे होते.

आता सुखाकडे वळू. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात नारद सनत्कुमारांकडे येतात. काय काय शिकला आहात असे विचारल्यावर ते चार वेदांपासून गणित, तर्क आणि नक्षत्रविद्येपर्यंत मोठी यादी सांगतात, आणि मग म्हणतात की मी मंत्र जाणतो, आत्मा जाणत नाही. आत्मा जाणणारा शोक तरून जातो असे ऐकले आहे, आणि मी शोकात आहे. इतका शिकलेला माणूस आपले दुःख इतक्या सरळपणे कबूल करतो, हे मला या अध्यायाचे सर्वांत मोठे मोल वाटते. पुढे सनत्कुमार एक विलक्षण वाक्य बोलतात : ‘यदा वै सुखं लभतेऽथ करोति, नासुखं लब्ध्वा करोति.’ सुख लाभते तेव्हा माणूस काम करतो. सुख न लाभता करत नाही. शांकरभाष्य याचा अर्थ पुढे मिळायचे सुख डोळ्यांसमोर ठेवून माणूस कामाला लागतो, असा लावते, आणि तो संदर्भाला धरून आहे. तरीही शब्द जसे आहेत तसे वाचले तर त्यांत आपल्या गाठीचा उलगडा आहे, असे मला वाटत आले आहे. काम करून सुख मिळवायचे, असा क्रम तिथे नाही. सुख आधी आहे आणि काम त्यातून निघते. ‘यो वै भूमा तत्सुखम्, नाल्पे सुखमस्ति’ हे प्रसिद्ध वचन त्यानंतर लगेच येते. जे विशाल आहे तेच सुख, जे अल्प आहे त्यात सुख नाही. आणि कितीही उदात्त असला तरी ‘माझा’ उद्देश हा ‘मी’एवढाच, म्हणजे अल्पच, असतो.

आपण अभियंते आहात, म्हणून तैत्तिरीय उपनिषदातील एक हिशेब आपल्याला आवडेल. ब्रह्मानंदवल्लीत आनंदाचे माप घेतले आहे. एकक असे : तरुण, सज्जन, शिकलेला, चपळ, दृढ आणि बलवान माणूस, आणि संपत्तीने भरलेली सगळी पृथ्वी त्याची. हा एक मानुष आनंद. याच्या शंभरपट मनुष्यगंधर्वांचा, त्याच्या शंभरपट देवगंधर्वांचा, असे करत पितर, देव, इंद्र, बृहस्पती, प्रजापती यांच्यावरून ब्रह्मदेवाच्या आनंदापर्यंत दहा वेळा शंभराने गुणायचे, म्हणजे एकावर वीस शून्ये. पण हिशेबाची खरी गंमत एका पालुपदात आहे. मनुष्यगंधर्वांपासून पुढे प्रत्येक पायरीवर उपनिषद पुन्हा पुन्हा म्हणते : ‘श्रोत्रियस्य चाकामहतस्य’, हाच आनंद वेद जाणणाऱ्या आणि कामनेने न मारलेल्या माणसाचाही आहे. हे पालुपद फक्त पहिल्या पायरीवर नाही. सगळी पृथ्वी ज्याची आहे त्या तरुणापाशीच ते शब्द नाहीत.

‘अकामहत’ हा शब्द नीट पाहावा. निष्काम म्हणजे कामना नसलेला. अकामहत म्हणजे कामनेने हाणून न पाडलेला. इच्छा असेल, पण ती पुरी झाली नाही म्हणून तो मोडून पडत नाही. संसारी माणसाला झेपेल असा हा शब्द आहे, आणि आपल्यासारख्यांच्या वाट्याला मोक्षाची चर्चा येण्याआधी तो यावा असे मला वाटते. सकाळचा आपला ‘कशासाठी’ हा प्रश्न अनेकदा कामनेचाच फटका असतो. फक्त मारणारी कामना आता पैशाची नसून अर्थपूर्णतेची असते.

अठराव्या अध्यायात गीता सुखाचे तीन प्रकार सांगते, आणि व्यवहारात मला याहून चांगली कसोटी मिळालेली नाही. राजस सुख आधी अमृतासारखे आणि परिणामी विषासारखे. सात्त्विक सुख आधी विषासारखे, परिणामी अमृतासारखे. तामस सुख निद्रा, आळस आणि प्रमादातून येते आणि आधीही मोह पाडते, नंतरही. माझ्या वर्गात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांनी मोठ्या उत्साहाने एका वस्तीत अभ्यासिका सुरू केली आणि वर्षभरात ते कडवट होऊन परतले. मुले कृतज्ञ नाहीत, पालक येत नाहीत, कोणी नाव घेत नाही. सुरुवातीचे ते अमृत कामाचे नसून स्वतःच्या चांगुलपणाचे होते, हे त्यांनी नंतर स्वतःच वर्गात सांगितले. वर्षभराने ते त्याच अभ्यासिकेत परत गेले, या वेळी फक्त मंगळवारी आणि फक्त अपूर्णांक शिकवायला. आता ते तक्रार करत नाहीत; सुखाबद्दलही फारसे बोलत नाहीत. आपल्या खेड्याच्या बेताला ही कसोटी लावून पाहा : आज त्या विचाराने जे गोड वाटते, ते खेड्यातल्या लोकांबद्दल आहे की राजीनामा देण्याच्या त्या क्षणाबद्दल?

एक गोष्ट तत्त्वज्ञानाच्या बाहेरची, पण आधी तपासायची आहे. झोप उडाली असेल, भूक गेली असेल, ज्या गोष्टींत रस होता त्यांत महिनोन् महिने रस उरला नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटावे, आणि जगणे नकोसे वाटत असेल तर आजच भेटावे. अर्जुनाचा विषाद हा गीतेचा पहिला अध्याय आहे हे खरे. पण प्रत्येक विषाद हा गीतेचा प्रारंभ नसतो, काही वेळा तो आजार असतो, आणि आजाराला उपनिषद वाचायला लावणे ही क्रूरता आहे. मी ही चूक दुसऱ्याच्या बाबतीत एकदा केली आहे आणि ती पुन्हा करणार नाही.

तसे काही नसेल, तर माझा सल्ला साधा आहे. गीता तिसऱ्यांदा सलग वाचू नका. अठराव्या अध्यायातील छत्तिसावा ते एकोणचाळिसावा, एवढेच चार श्लोक महिनाभर जवळ ठेवा आणि रोज रात्री दिवसातले एक सुख त्यांत कुठे बसते ते पाहा. कार्यालयातील एक काम असे निवडा की ज्याचे श्रेय आपल्याला मिळणार नाही, बहुधा एखाद्या नवख्याला शिकवण्याचे, आणि ते फूल वाहावे तसे नीट करा. ऋणांचा कागद तयार झाला की त्यात सर्वांत जुनी नोंद कोणती आहे ते पाहा. राजीनामा सहा महिने लिहू नका. खेडे कुठे पळून जात नाही. तोवर कऱ्हाडला जाऊन चार दिवस राहा, काहीही पटवून द्यायला नव्हे. वडिलांना नकाराचे कारण विचारा आणि त्यांचे बोलणे पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. ते काय म्हणाले ते मला कळवलेत, तर खेड्याच्या कामाविषयी आपल्याला तेव्हा बोलता येईल.